खाजणातलं लपण

रविवार, ४ मे १९८६
मेमरामकुकचं खोरं

प्रिय ओरेल,

तुझी जिनेत आणि तुमची पोर मिरेय इथे नाहीत. तू एकाच पत्रात तेच तेच पुन्हा विचारलं आहेस, म्हणून ते आधी लिहून टाकते.

मॉन्क्टनच्या घराला कुलूप आहे, फोन कुणी उचलत नाही आणि शेजारीण तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहे, असं तू लिहितोस. मला यातलं काही ठाऊक नाही. जिनेत पोरीला घेऊन मावशीबिवशीकडे गेली असेल. बायका जातात कधीमधी. तू तिथे उत्तरेत खाणीवर महिनोन्‌महिने असतोस, तिलाही घर खायला उठत असेल.

भिंगऱ्या आल्या, दक्षिणेतून उडत. चरांच्या कडेला अजून बर्फाची पापडी होती तेव्हाच आल्या. बांधाजवळच्या घरट्याच्या पेटीवर एक निळा नर दिवसभर छाती काढून बसतो आणि दुसरा कुणी जवळ आला की त्याच्या डोक्यावर झेप घेतो. काल दोघं भांडता भांडता चरात पडले आणि लाल चिखलाने माखून वर आले. फोटो काढला, पण हात हलला.

तुझ्या वडिलांनी केलेल्या पेट्यांपैकी दोन हिवाळ्यात फुटल्या. शेजारच्या तेओफिलने खिळे मारून दिले. तो बरा आहे. गुडघे आणि जीभ दोन्ही पूर्वीसारखीच कुरकुरतात.

नवीन रीळ धुऊन आलं की फोटो पाठवते. हातमोजे घालत जा.

तुझी आई


त्याच दिवशी, संध्याकाळी

ओरेल,

हे पत्र मी टाकणार नाही. तुला खोटं लिहायची मला सवय नाही. सकाळी लिहिलं आणि तेव्हापासून जेवण जात नाही. खरं कुठेतरी लिहिल्याशिवाय सुटका नाही, म्हणून लिहिते.

त्या दोघी इथेच आहेत. ईस्टरनंतरच्या आठवड्यात चर्चपाशी बसमधून उतरल्या आणि पावसातून चालत आल्या. जिनेतच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. दारात उभी राहून मला म्हणाली, "मला दुसरं ठिकाण सुचलं नाही. तुम्ही त्याची आई आहात हे मी विसरलेले नाही. हाकलायचं असेल तर आत्ताच हाकला, पोरीने बूट काढायच्या आत."

मी खाली बसून मिरेयचे बूट काढले. दुसरं काय करणार?

मनगटाचं काय झालं ते जिनेतने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बर्फावरून घसरली असेल असं स्वतःला सांगत राहिले. मग एके सकाळी मी पावाला काकवी लावत होते आणि मिरेय आजीला सहज सांगावं तसं म्हणाली, "मेमेर, पापाने दार लावलं. आईचा हात मध्ये होता. मग पापाने पुन्हा लावलं."

त्या 'पुन्हा'वर मी अडकले आहे, ओरेल. एकदा लागलं असतं तर मी तुझ्या बाजूने काहीतरी शोधलं असतं.

तुझा बाप असा नव्हता. क्लोविसने घरात मांजरावरही कधी हात उगारला नाही. त्यामुळे खापर फोडायला मला कुणाचं डोकंही सापडत नाही.

जिनेतचा माझ्यावर विश्वास नाही आणि मला त्याचा राग नाही. ती नेहमी रस्त्याकडे तोंड करून बसते. ट्रकचा आवाज आला की तिच्या हातातला चमचा थांबतो. एका ठिकाणी तिला काम आणि खोली मिळणार आहे, पण काम दोन्ही हातांचं आहे, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत थांबणं भाग आहे. ठिकाण कुठलं ते मी इथेही लिहीत नाही.

तेओफिलला कळलंय बहुतेक. परवा कुंपणावरून म्हणाला, "एव्लीन, तू नवीन कोंबडं पाळलंयस का गं? अंगणात काहीतरी लाल लाल धावताना दिसलं."

"पाळलंय," मी म्हणाले.

"बरं. कोल्ह्यापासून जप मग."


रविवार, २५ मे १९८६

प्रिय ओरेल,

तू लिहितोस, भिंगऱ्यांची पत्रं कळतात आई, पण माझ्या बायकोबद्दल तू दोनच ओळी लिहितेस. जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहिते. तिचा फोन नाही, पत्र नाही. तू कामात लक्ष घाल. खाणीत डोकं दुसरीकडे असलं की माणसं हातपाय गमावतात.

सोबतचा फोटो नीट बघ. असा मला जन्मात जमला नव्हता.

पेट्यांत आता गवताची घरटी झाली आहेत आणि सगळ्यांना पिसांचं वेड लागलं आहे. तुला आठवत असेल, पांढरंच पीस हवं असतं त्यांना. कोंबडीचं पांढरं पीस वाऱ्यावर सोडलं की पाचसहा जणी धावतात. एकीने पकडलं की बाकीच्या तिच्या मागे लागतात, ती बिचकून टाकते, तिसरीच झेलते. मी लपणात बसले होते. (नवीन केलंय, चार खांबांना जुनं ताडपत्रीचं कापड. तेओफिल त्याला माझं चर्चमधल्यासारखं कबुलीजबाबाचं खोपटं म्हणतो.) तेओफिल बाहेरून पिसं उडवत होता. त्या आधी कुठे वळतात ते दोन दिवस नुसतं बघितलं, त्या जागेवर कॅमेऱ्याचं भिंग धरून ठेवलं आणि वाट पाहिली. डोळ्यांनी बघून खटका दाबला तर उशीर होतो. ती येणार असं वाटलं की दाबायचा. चोच उघडी, पीस चोचीपासून बोटभर, पाठ अशी निळी की दुकानातला पोरगाही म्हणाला, मादाम, हे खरंच इथलं आहे का?

दोन प्रती काढल्या. एक तुला, एक स्वयंपाकघरात लावीन.

नेच्याचे कोंब यंदा भरपूर निघाले. लोण्यात परतले की तुझी आठवण येते.

तुझी आई


रविवार, ८ जून १९८६, दुपार

ओरेल,

हेही टाकायचं नाही. टाकलं तरी तुला मिळणार नाही, कारण तू तिथे नाहीस.

फोटो मी भिंतीला लावला. जिनेत हात पुसत आली आणि बघत उभी राहिली. वाटलं, कौतुक करेल. ती म्हणाली, "हा याच्याआधी कुणाला दाखवलात?"

"ओरेलला पाठवला. का?"

तिने डाव्या हाताचं बोट फोटोच्या कोपऱ्यावर टेकवलं. भिंगरीच्या मागे, लांब, आपल्या अंगणातली कपड्यांची दोरी आली आहे. दोरीवर पिवळा फ्रॉक. धूसर आहे, पण फ्रॉक आहे हे दिसतं, आणि तो पिवळा आहे हेही.

मी पक्षीच पाहिला होता. दिवसभर, दुकानात, पाकिटात घालतानासुद्धा, मी फक्त पक्षी पाहिला. पिसं उडवत होता तोही तेओफिल नव्हता. मिरेय होती, माझ्या पायांशी उड्या मारत. तिला चौकटीबाहेर ठेवायची मी इतकी काळजी घेतली, की मागे दोरी आहे हे डोक्यातच आलं नाही.

"नाताळात त्याने आणला होता तो," जिनेत म्हणाली. ओरडली नाही. खुर्ची ओढून खाली बसली. "तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"मला कसं कळणार?"

ती त्याच क्षणी निघाली असती, पण त्या रात्री मिरेयला ताप भरला आणि सकाळी अंगभर कांजिण्या उठल्या. तशा पोरीला बसमध्ये कोण घेणार?

मग पाऊस लागला. आठवडाभर चाललाय, थंड, समुद्राकडून येणारा. पहिल्या पेट्यांमध्ये पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर पडली आहेत आणि हवेत एक किडा नाही. भिंगऱ्या पाण्याला चिकटून उडतात आणि रिकाम्या चोचीने परततात. चरावरच्या फळीजवळच्या पेटीत सकाळी बघितलं, दोन पिल्लं थंड पडली होती. बाकीच्यांवर आई पसरून बसली होती. मी हात घातला तरी उठली नाही.

आणि काल तुझ्या खाणीवरून फोन आला. मुकादम होता, आवाजाने सज्जन वाटला. म्हणाला, "मादाम, तब्येत कशी आहे? ओरेल आई अत्यवस्थ म्हणून घाईघाईने निघाला. त्याचे पैसे द्यायचे राहिले, कुठे पाठवू?"

मी म्हणाले, "आता जरा बरं आहे."

फोन ठेवला आणि जिनेतला सांगितलं. तिने विचारलं, "कधी निघाला?" मी ते विचारायचंच विसरले होते.

आत्ता तेओफिल येऊन गेला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "उद्या सकाळी मी नेतो दोघींना. मला कांजिण्या होऊन गेल्यात आणि माझ्या ट्रकलाही. पण तुझ्या अंगणात नको. रस्त्यावरून दिसतं. मी बांधाच्या पलीकडे गाडी लावतो, तुम्ही खाजणातून या."

जिनेत पिशवी भरते आहे. मी तिला मदत करायला गेले तर म्हणाली, "राहू द्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ती लोकरीची चादर घेऊ का?" चादर तुझी आहे, लहानपणची. घे म्हणाले.


रविवार, २९ जून १९८६

प्रिय ओरेल,

हे पत्र मी टाकणार आहे. तुझा वकील म्हणतो, खटल्याआधी मी तुला काही लिहू नये. मी त्याला सांगितलं, मी त्याच्याही आधीपासून लिहिते आहे.

डाव्या हाताने लिहिलंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. उजवीकडचं गळ्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात सांधायला वेळ लागेल.

त्या सोमवारी काय झालं हे तुला ठाऊक आहे असं तुला वाटत असेल. तू तुझ्या बाजूने पाहिलंस. माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगते.

पाऊस पहाटे थांबला होता. ऊन पडलं तसं खाजणातून वाफ निघायला लागली, किडे उठले आणि आठवडाभर उपाशी राहिलेल्या सगळ्या भिंगऱ्या एकदम आभाळात. मिरेय चादरीत गुंडाळलेली, जिनेतच्या डाव्या खांद्यावर. मी पिशवी घेऊन पुढे. निम्मं अंतर गेलो आणि मागे घराकडे ट्रक वळल्याचा आवाज आला. जिनेतने वळून बघितलंही नाही. तिला आवाजावरून कळलं. तिथे ना झाड, ना झुडूप. होतं ते माझं लपण, आत ताडपत्रीखाली कॅमेरा तिपाईवर तसाच लावलेला. मी त्या दोघींना आत ढकललं, कापड ओढलं आणि मागे फिरून तुझ्याकडे निघाले.

तू अंगणातून मला पाहिलं होतंस. चरावरच्या फळीपाशी आपली गाठ पडली. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. प्रवासात झोपला नव्हतास हे दिसत होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की याला काही खायला दिलं पाहिजे.

"आई, तू आजारी नाहीस."

"नाही. ते तूच सांगितलंस तुझ्या साहेबाला."

"ती कुठे आहे?"

"कोण?"

तू खिशातून फोटो काढलास. घड्या पडल्या होत्या. "हा फ्रॉक मीच आणलाय, आई."

तू इतक्या हळू बोलत होतास. तू नेहमीच हळू बोलतोस. सगळं खोरं म्हणतं, एव्लीनचा मुलगा किती मवाळ. "मला फक्त तिच्याशी बोलायचंय," तू म्हणालास.

"मग लिही. मी पोचवीन."

"म्हणजे तुला ठाऊक आहे ती कुठे आहे."

अशी मी जिभेनेच अडकले. तू हसलास. तेवढ्यात फळीजवळच्या पेटीतली भिंगरी तुझ्या डोक्यावर झेपावली, तू मान खाली घातलीस आणि क्षणभर, ओरेल, तू वेगळाच झालास. पेटीकडे बघितलंस. "किती आहेत आत?" असं विचारलंस.

"चार. दोन गेली पावसात."

"चार तरी राहिली," तू म्हणालास.

मला वाटलं, आता बस म्हणावं याला, इथेच फळीवर बसवावं, दुपारपर्यंत बोलत ठेवावं. आणि तेव्हाच लपणातून मिरेयचा आवाज आला. रडका, झोपेतला. "आई, खाजतंय गं."

तुझा चेहरा कसा झाला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांनाही नाही. त्यात राग नव्हता. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा चेहरा झाला होता.

"बाजूला हो," तू म्हणालास.

"नाही."

"आई, फळीवरून बाजूला हो."

"ओरेल, ती पोर आजारी आहे. तू घरी चल. कोंबडी-बटाट्याचं फ्रिको आहे कालचं, गरम करते. जेव, झोप, मग बोलू."

तू माझा दंड धरलास. मी दुसऱ्या हाताने तुझा कोट धरला. मग तू हात वर केलास. मला वाटतं तू काय करतोयस हे तुला तोवर ठाऊक नव्हतं, पण ते माझं वाटणं आहे आणि आई म्हणून मला ते वाटणारच. हात खाली आला. मी फळीवर खांद्यावर पडले आणि हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं.

तू पुन्हा हात उचललास.

लपणातून खटका वाजला. मग रीळ पुढे सरकवल्याचा करकर आवाज. मग पुन्हा खटका.

तू त्या आवाजात वाढलास. माझ्या मांडीवर बसून तू तो ऐकलायस. तू हात वर धरून तसाच उभा राहिलास.

"अजून पुष्कळ रीळ आहे, ओरेल," जिनेत आतून म्हणाली. तिने त्याआधी कधी माझ्या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. एका हाताने, पोर दुसऱ्या खांद्यावर घेऊन. मग ती कापड सारून बाहेर आली. तुझ्याकडे न बघता माझ्यापाशी येऊन चिखलात बसली आणि म्हणाली, "आई, हलू नका. हात छातीशी धरा, असा." मनगट मोडल्यावर कसं धरायचं हे तिला ठाऊक होतं. दोन महिन्यांत तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं.

तू निघून गेलास. ट्रकपर्यंत पोचलास, पण फाटकात तेओफिलची गाडी आडवी. त्याने सगळं बांधावरून बघितलं होतं. तो चाकावरच्या मडगार्डवर बसून चिलीम भरत होता म्हणे, आणि पोलीस येईपर्यंत भरतच होता. शिपायाने विचारलं, गाडी अशी आडवी का? तर म्हणाला, "जुनी आहे साहेब. मनात आलं तर चालते. आज तिच्या मनात नव्हतं." तू त्याला ढकललं नाहीस, याबद्दल मी देवाचे आभार मानले. तुझेही मानते.

आता पुढचं. जिनेत आणि मिरेय गेल्या. वकिलाकरवी तू पत्ता विचारलास. मला तो ठाऊक आहे आणि तो मी देणार नाही. तू मला पुन्हा विचारू नकोस, कारण मी नाहीच म्हणेन आणि दर वेळी नाही म्हणायला मला त्रास होईल.

रीळ मी स्वतः धुवायला नेलं. दोन्ही फोटो आले आहेत. लपणातली तिपाई फळीजवळच्या पेटीवर रोखलेली होती, आणि तू नेमका तिथेच उभा होतास. धूसर नाही. चेहरा दिसतो, हात दिसतो, खाली मी दिसते. इतकी वर्षं मी चांगल्या फोटोसाठी मरत आले. हा चांगला यायला नको होता. मी तो सरकारी वकिलाला नेऊन दिला. कुणी मागितला नव्हता.

मनगटाबद्दलही मी बोलणार आहे. मिरेयला कोर्टात उभं करणार होते. मी म्हणाले, पोर मला जे बोलली ते मी सांगेन, तिला आणू नका. चालेल की नाही हे अजून कळलेलं नाही.

तुझा वकील घरी आला होता. माणूस चांगला आहे. त्याने फ्रिको खाल्लं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मग म्हणाला, "मादाम, तुम्ही पाय घसरून पडलात असंही असू शकतं ना? फळी ओली होती."

"फळी ओली होती," मी म्हणाले. "मी त्या फळीवरून चाळीस वर्षं चालते आहे."

तो गेल्यावर मी खूप रडले. तुला वाटू नये की मला हे सोपं जातंय. रस्त्यात बायका माझ्याकडे बघून वाट बदलतात. काहींना वाटतं मी पोटच्या पोराचा गळा कापला, काहींना वाटतं मी तुला असा वाढवला. तेओफिल तेवढा येतो आणि हवामानावर बडबड करतो.

पिल्लं उडाली परवा. फळीजवळच्या पेटीतली चारही. फोटो काढले नाहीत. खांद्यामुळे कॅमेरा उचलवत नाही, पण तसंही नुसतं बसून बघावंसं वाटलं.

रविवारी भेटीची वेळ दुपारी असते असं तुरुंगाच्या पहारेकऱ्याने सांगितलं. बाहेरचं खाणं चालतं, पण काचेची बरणी नाही. मी डब्यात आणीन. खटला संपेपर्यंत येईन आणि नंतर तुला जिथे ठेवतील तिथेही येईन. तू भेटायला नाही म्हणालास तर बाहेर बाकावर बसेन आणि डबा पहारेकऱ्याकडे देऊन परत येईन.

१४ तारखेला मी कोर्टात उभी राहीन आणि तू काय केलंस ते सगळं सांगेन. तेव्हा मान खाली घालू नकोस. माझ्याकडे बघ. मी तुझ्याकडेच बघून सांगणार आहे.

तुझी आई